दुसरा कॉम्प्युटर जोडण्याआधी: कुठलं ॲड-ऑन फ्लाइट सिमच्या आत राहतं आणि कुठलं बाहेर

परभणीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. घरी एक डेस्कटॉप आहे: सहा कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ६ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. त्यावर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२०, म्हणजे विमान उडवायचा खेळ (पुढे नुसतं सिम), चालतं. वडिलांच्या दुकानातून मोकळा झालेला एक जुना लॅपटॉपही आहे. लिटल नॅव्हमॅपचा नकाशा, चार्ट, एटीसीचा (हवाई वाहतूक नियंत्रकाशी रेडिओवर बोलण्याचा) प्रोग्रॅम आणि जमलं तर एक भारी विमानाचं ॲड-ऑन (सिमला वरून जोडायचा जादा भाग) लॅपटॉपवर हलवायचं आहे, म्हणजे डेस्कटॉपवरचा भार उतरेल. तीन संध्याकाळ सिमकनेक्टच्या (बाहेरच्या प्रोग्रॅमना सिमशी बोलू देणाऱ्या सोयीच्या) फाइलशी झटापट केली तरी लॅपटॉप जोडला जात नाही. एकदाच जोडला गेला, तेव्हा नकाशावरचं विमान उड्या मारत होतं. आणि शेवटचा प्रश्न, जोडल्यावर फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढतील का?

मी नांदेडला नेटवर्किंगची कामं करतो. क्लासेस, दवाखाने, मोंढ्यातली अडत दुकानं अशा ठिकाणी दिवसा केबल ओढतो आणि रात्री घरी सिम उडवतो. एफएसएक्सच्या, म्हणजे जुन्या फ्लाइट सिम्युलेटर एक्सच्या, दिवसांपासून घरात दोन यंत्रं जोडलेली आहेत. त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू, सिमची आणि तारेची, माझ्या रोजच्या आहेत.

आधी फ्रेमचं सांगतो, कारण त्यावर बाकीचा निर्णय अवलंबून आहे. सरासरी फ्रेम जवळपास तेवढ्याच राहतील. सिम एक एक चित्र तयार करतं तेव्हा त्याचा बराच भार प्रोसेसरच्या एकाच मुख्य धाग्यावर (थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर चालणाऱ्या कामाच्या साखळीवर) आणि ग्राफिक्स कार्डावर पडतो. बाहेर चालणारा नकाशा किंवा एटीसीचा प्रोग्रॅम सहसा दुसऱ्या कोअरवर बसतो, म्हणून तो उचलून दुसरीकडे ठेवला तरी मुख्य धाग्याचं काम कमी होत नाही. एफएसएक्स २००६ साली आलं तेव्हा घरच्या कॉम्प्युटरला एक किंवा दोन कोअर असायचे, आणि तेव्हा दुसऱ्या यंत्राने खरोखर फ्रेम वाढायच्या. जुन्या सल्ल्यांमध्ये आजही तेच लिहिलेलं सापडतं. ते त्या काळापुरतं खरं होतं.

मग फायदा कशात आहे? रॅममध्ये आणि मधल्या अडखळण्यात. १६ जीबीत सिम स्वतःच बरीच जागा व्यापतं. त्यात नकाशा, चार्टसाठी उघडलेला ब्राउझर आणि एटीसी आले की रॅम भरते, विंडोज डिस्ककडे धावतं आणि नेमकं उतरण्याच्या वेळी चित्र क्षणभर थांबतं. हे थांबणं दुसऱ्या यंत्राने नक्की कमी होतं. शिवाय नकाशा समोर वेगळ्या पडद्यावर कायम उघडा राहतो आणि सिमची खिडकी सारखी बदलावी लागत नाही. माझ्या दृष्टीने हाच मोठा लाभ आहे. नुसती फ्रेम वाढवायची असेल तर वेळ आणि पैसा दुसरीकडे घाला; आणि अडखळण्याचं म्हणाल तर १६ ची रॅम ३२ केली की तुमच्या अर्ध्या तक्रारी एका दिवसात मिटतील.

आता खरी अडचण. तुम्ही चार ॲड-ऑन एकाच यादीत लिहिले आहेत, पण त्यांची जात वेगळी आहे. काही ॲड-ऑन सिमच्या आत राहतात: विमानं, विमानतळ, भूप्रदेश, कॉकपिटमधली यंत्रं. ती सिमच्याच प्रक्रियेचा भाग असतात, सिमच्या कम्युनिटी नावाच्या फोल्डरमध्ये पडलेली असतात, आणि कुठल्याही तारेने दुसऱ्या कॉम्प्युटरवर जात नाहीत. तुमचं भारी विमान या जातीचं आहे, म्हणून ते यादीतून आजच काढून टाका. काही ॲड-ऑन स्वतंत्र प्रोग्रॅम असतात. ते बाहेर उभे राहून सिमला विचारतात, विमान कुठे आहे, उंची किती, वेग किती. हे हलवता येतात. ओळखायची सोपी खूण अशी: सिम बंद असतानाही जो प्रोग्रॅम स्वतःच्या खिडकीत उघडतो, तो बहुतेक हलवता येतो. बहुतेक म्हणतो, कारण काही प्रोग्रॅम बाहेर दिसतात पण सिमच्या फोल्डरमध्ये स्वतःचा एक तुकडा ठेवतात आणि त्याच्याशी फक्त त्याच यंत्रावरून बोलतात. त्यांच्या माहितीपत्रात नेटवर्कचा उल्लेख नसेल तर मी त्यांना हात लावत नाही.

कॉकपिटमधल्या जी१००० सारख्या पडद्याबद्दलही सांगून ठेवतो, कारण पुढचा मोह तोच असतो. तो पडदा वेगळ्या खिडकीत काढता येतो आणि स्पेसडेस्कसारख्या प्रोग्रॅमने लॅपटॉपच्या स्क्रीनवर दाखवताही येतो. पण तिथे लॅपटॉप नुसता मॉनिटर होतो. पडदा रंगवायचं काम डेस्कटॉपच करतो, वर ते चित्र नेटवर्कवरून पाठवायचं कामही त्याच्याच माथी येतं. दिसायला छान आहे, पण भार वाढतो.

आता बाहेरच्या प्रोग्रॅमकडे वळू. त्यांना जोडायचे दोन रस्ते आहेत, आणि तुमच्या तीन संध्याकाळ इथेच गेल्या असं मला वाटतं. पहिल्या रस्त्यात सिमचा स्वतःचा दरवाजा, म्हणजे सिमकनेक्ट, नेटवर्कसाठी उघडायचा. दुसऱ्या रस्त्यात डेस्कटॉपवर एक छोटा मध्यस्थ चालवायचा. तो सिमशी घरच्या घरी बोलतो आणि बाहेरच्यांना माहिती पुरवतो. लिटल नॅव्हमॅपसाठी सिमकनेक्टच्या फाइलला हात लावायची गरजच नाही. त्याच्यासोबत लिटल नॅव्हकनेक्ट नावाचा मध्यस्थ मिळतो, तोही मोफत. तो डेस्कटॉपवर चालू करा. लॅपटॉपवरच्या नॅव्हमॅपमध्ये दूरचं सिम निवडून डेस्कटॉपचा पत्ता द्या आणि पोर्ट (त्या पत्त्यावरच्या दरवाजाचा क्रमांक) ५१९६८ तसाच राहू द्या. दोन्ही प्रोग्रॅम एकाच काळातले ठेवा, नवा आणि जुना एकत्र जमत नाहीत. लॅपटॉपवर सिम नसल्यामुळे नॅव्हमॅपला तुमच्या सिममधले विमानतळ कळणार नाहीत. त्यासाठी डेस्कटॉपवर एकदा सीनरी लायब्ररी वाचून घ्या आणि तयार झालेली डेटाबेस फाइल लॅपटॉपवर उचलून न्या.

नॅव्हिग्राफचे चार्ट वापरत असाल तर तिथेही मध्यस्थच आहे. सिमलिंक डेस्कटॉपवर चालतो, माहिती इंटरनेटवरून जाते आणि चार्ट कुठल्याही यंत्रावर उघडतात. त्यासाठी घरातलं नेटवर्क जुळवावंच लागत नाही. जुने, एफएसयूआयपीसी या मधल्या सॉफ्टवेअरमार्फत सिमशी बोलणारे प्रोग्रॅम असतील तर त्यांचा मध्यस्थ वाइडएफएस. लॅपटॉपवरचा वाइडक्लायंट त्या प्रोग्रॅमना सिम इथेच आहे असं भासवतो. त्याला परवाना विकत घ्यावा लागतो, म्हणून तसा प्रोग्रॅम नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

राहिला एटीसीचा प्रोग्रॅम. त्याला सिमकनेक्टचा दरवाजा लागत असेल तर मात्र फाइल उघडावी लागते. डेस्कटॉपवर सिमकनेक्ट डॉट एक्सएमएल नावाची फाइल असते. स्टीमवरून घेतलेल्या सिममध्ये ती ॲपडेटाच्या रोमिंग भागात सिमच्या फोल्डरमध्ये सापडते. मायक्रोसॉफ्ट स्टोअरवाल्यात लोकल भागातल्या पॅकेजेसमध्ये, लोकलकॅशच्या आत. आधी तिची प्रत काढून ठेवा. तिच्यात आयपीव्ही४ चा जो भाग आहे त्याचा आवाका मुळात लोकल असतो, म्हणजे दरवाजा फक्त घरच्यांसाठी. तो ग्लोबल करायचा, पत्त्याच्या जागी ०.०.०.० लिहायचं, पोर्ट ५०० ठेवायचा आणि सिम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायचं, कारण ही फाइल सिम सुरू होतानाच वाचली जाते. मग लॅपटॉपवर त्या प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये सिमकनेक्ट डॉट सीएफजी अशी छोटी फाइल करायची. तिच्यात तीन गोष्टी: प्रोटोकॉल आयपीव्ही४, डेस्कटॉपचा पत्ता, पोर्ट ५००. नोटपॅड इथे हमखास फसवतं. ते नावापुढे गुपचूप टीएक्सटी जोडतं आणि विंडोज ते शेपूट लपवून ठेवतं. एक्सप्लोररमध्ये फाइलचं पूर्ण नाव दाखवण्याचा पर्याय चालू करून बघा. मी बघितलेल्या न जुळणाऱ्या जोडण्यांमध्ये या शेपटाचा वाटा फार मोठा आहे.

एटीसी हलवताना एक गोष्ट आधीच ठरवा: प्रोग्रॅम जिथे जाईल तिथे त्याचा आवाज आणि मायक्रोफोनही जातो. म्हणजे हेडसेट लॅपटॉपला आणि इंजिनाचा आवाज डेस्कटॉपच्या स्पीकरवर. मला स्वतःला हे आवडतं, खऱ्या कॉकपिटमध्येही रेडिओ कानातच असतो. ज्यांना सगळं एकाच हेडसेटमध्ये हवं त्यांनी एटीसी डेस्कटॉपवरच ठेवावी.

आता तार. नकाशावर विमान उड्या मारत होतं हे तुम्ही सांगितलंत तेव्हाच वायफायचा संशय आला. सिम जी माहिती पाठवतं ती अगदी थोडी असते, तिला मोठा वेग लागत नाही. पण ती सतत आणि वेळेवर यावी लागते. वायफाय दोन सेकंद थबकलं की माहिती तुंबते आणि मग एकदम येते, म्हणून उडी दिसते. गॅलरीतल्या राउटरपासून मधल्या खोलीपर्यंत दोन जाड भिंती असतील, शेजाऱ्यांचे चार राउटर त्याच चॅनेलवर असतील, तर सेटिंग बदलून काही हाती लागत नाही. केबल टाका. कॅट ५ई किंवा कॅट ६ पुरते. बाजारात स्वस्त केबल मागितली की बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल हातात येते; दोन-चारदा वाकवली की आतली तार तुटते. शुद्ध तांब्याची मागा आणि टोक सोलून, चाकूने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर परत करा.

राउटर लांब असेल तर दोन यंत्रं एका केबलने थेट जोडली तरी चालतं. गिगाबिट पोर्टला आता क्रॉस केबल लागत नाही, साधीच पुरते. इंटरनेट दोघांचंही वायफायवर राहू द्या आणि केबलच्या पोर्टला हाताने पत्ते द्या: डेस्कटॉपला १९२.१६८.५०.१, लॅपटॉपला १९२.१६८.५०.२, मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा. गेटवे भरला तर विंडोज इंटरनेट त्या तारेत शोधायला लागतं आणि सिमचा भूप्रदेश यायचा थांबतो.

राउटरमधून जोडणार असाल तर आधी एक तपासणी करा. दोन्ही यंत्रांवर काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) आयपीकॉन्फिग ही आज्ञा चालवा आणि पत्ते शेजारी शेजारी लिहा. टिंबांनी तोडलेले पहिले तीन आकडे सारखे आहेत का? आपल्याकडे खाली फायबरवाल्याने बसवलेला डबा असतो आणि वरच्या मजल्यासाठी आपण आणखी एक राउटर आणतो. त्याची तार बाहेरच्या पोर्टात लावली की तो स्वतःचं वेगळं नेटवर्क तयार करतो. इंटरनेट दोघांनाही मिळतं, म्हणून शंका येत नाही. पण डेस्कटॉप १९२.१६८.१ मध्ये आणि लॅपटॉप १९२.१६८.० मध्ये, आणि डेस्कटॉपला लॅपटॉप सापडतच नाही. उलट दिशेने कधी कधी जोडणी होतेही, म्हणून गोंधळ आणखी वाढतो. उपाय असा, की दुसऱ्या राउटरला पहिल्याच्या गटातला एक मोकळा पत्ता द्यायचा, त्यातलं पत्ते वाटायचं काम बंद करायचं आणि तार आतल्या चार पोर्टांपैकी एकात लावायची. मग तो नुसता स्विच आणि वायफायचा खांब म्हणून राहतो. लॅपटॉप पाहुण्यांसाठीच्या वायफायवर असेल तर त्यालाही आतली यंत्रं दिसत नाहीत, तेही बघा.

पत्ते एकाच गटात आले की डेस्कटॉपचा पत्ता कायमचा करा. राउटरमध्ये त्याच्यासाठी राखीव ठेवलेला बरा. नाहीतर आज जोडलेलं आठवड्याने तुटतं आणि तुम्ही पुन्हा सिमच्या फाइल उकरत बसता. मग विंडोजला हे घरचं नेटवर्क आहे असं सांगा, म्हणजे प्रोफाइल प्रायव्हेट करा, आणि फायरवॉलमध्ये सिमला, नॅव्हकनेक्टला आत येण्याची परवानगी द्या. फायरवॉल अख्खी बंद करायचा सल्ला बरेच जण देतात. दोन मिनिटं बंद करून दोष तिथेच आहे का हे बघायला हरकत नाही, पण तशीच सोडू नका; दुकानाचे हिशेब ज्या लॅपटॉपवर होते तो तुम्ही जोडताय.

दरवाजा खरंच उघडलाय का हे सिम न उडवता कळतं. डेस्कटॉपवर सिम आणि नॅव्हकनेक्ट चालू ठेवा. लॅपटॉपवर पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा डेस्कटॉपचा पत्ता आणि पोर्ट देऊन चालवा. ५१९६८ ला होकार आला आणि ५०० ला नकार, तर तार, पत्ता, राउटर सगळं ठीक आहे. चूक सिमच्या फाइलमध्ये किंवा सिमच्या फायरवॉल परवानगीत आहे. दोन्हींना नकार आला तर सिमच्या फाइलकडे बघूच नका, खालचं नेटवर्क तपासा. म्हणजे क्रम असा झाला: आधी ॲड-ऑनची जात, मग तार आणि पत्ता, मग फायरवॉल, मग पोर्टाची परीक्षा, आणि सगळ्यात शेवटी सिमकनेक्टची फाइल. तुम्ही शेवटच्या पायरीपासून सुरुवात केली होती.

विजेचा विषय टाळता येणार नाही, आपल्याकडे तर नाहीच. डेस्कटॉप यूपीएसवर असतो, लॅपटॉपला बॅटरी असते, पण मधला राउटर किंवा स्विच साध्या प्लगवर. लाइट गेली की दोन्ही यंत्रं जिवंत आणि मधला दुवा मेलेला. राउटर परत उठायला दोन-तीन मिनिटं घेतो आणि तोवर सिमकनेक्टवरचे काही प्रोग्रॅम हात सोडतात, पुन्हा आपोआप धरत नाहीत. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. तो घ्या, किंवा राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर आणा. थेट केबलने जोडलेल्या दोन यंत्रांना हा प्रश्न येत नाही. त्या रस्त्याकडे माझा कल आहे त्याचं हे एक मोठं कारण.

केबल घराबाहेरून, गच्चीवरून नेणार असाल तर मला इथे थांबवून विचारा. काही वर्षांपूर्वी मेच्या अखेरीस वळवाच्या पावसात माझ्याच गच्चीवरून गेलेल्या तीस मीटर केबलवर वीज शिरली. झाडावर किंवा घरावर काही पडलं नव्हतं, लांब कुठेतरी कडाडलं होतं. तरी स्विच जळाला आणि डेस्कटॉपचा नेटवर्क पोर्ट कायमचा गेला. तेव्हापासून उघड्यावरून तांब्याची तार मी कुणाच्याच घरी नेत नाही. दोन इमारती जोडायच्या तर फायबर आणि दोन टोकांना कन्व्हर्टर. काचेच्या तारेतून वीज जात नाही. आणि वळवाच्या दिवसांत ढग गडगडायला लागले की केबल उपसून ठेवणं हे आजही मी हाताने करतो.

उन्हाळ्यात जुना लॅपटॉप तापतो हेही धरून चाला. बाहेर ४२-४३ अंश असताना, धुळीने पंखा गच्च झालेला असेल तर प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि नकाशा रेंगाळतो. लोकांना वाटतं नेटवर्क हळू झालं. पंखा साफ करून घ्या, पॉवरच्या सेटिंगमध्ये चार्जरवर असताना झोपी जाणं बंद करा. आणखी एक: सिम भूप्रदेशाचं चित्र इंटरनेटवरून ओढत असतं. लॅपटॉपने त्याच वेळी विंडोजचे अपडेट ओढायला घेतले तर डेस्कटॉपवरची जमीन धुरकट दिसते. लॅपटॉपचं वायफाय मीटर लावलेलं कनेक्शन म्हणून नोंदवा, मग तो मोठे अपडेट थांबवून ठेवतो.

दोन उंदीर, दोन कीबोर्ड टेबलावर नको असतील तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमध्ये माउस विदाउट बॉर्डर्स नावाची सोय आहे. एकाच माउसने दोन्ही पडद्यांवर जाता येतं. जॉयस्टिक मात्र डेस्कटॉपलाच.

एवढं सगळं सांगितलं तरी सुरुवात मी वेगळ्या जागेवरून करायला सांगेन. आज रात्री डेस्कटॉपवरच लिटल नॅव्हमॅप उघडा, त्यातला वेब सर्व्हर चालू करा आणि मोबाइलच्या ब्राउझरमध्ये डेस्कटॉपचा पत्ता टाकून पोर्ट ८९६५ द्या. नकाशा मोबाइलवर दिसेल. दोन-तीन उड्डाणं अशी करा. तेवढ्याने तुमचं भागलं तर लॅपटॉप घरात दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. नाही भागलं, तर निदान पत्ता आणि फायरवॉल ही दोन कामं त्या निमित्ताने झालेली असतील.

लॅपटॉप जोडल्यावर चाचणीसाठी मी नेहमी एकच उड्डाण करतो: छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाहून ०९ धावपट्टीवरून सेसना १७२ उचलायचं आणि नांदेडला यायचं. सरळ रेषेत सुमारे ११५ नॉटिकल मैल, तासभर. डावीकडे जालना मागे पडतं, पुढे उजव्या हाताला तुमचं परभणी येतं, शेवटी गोदावरी दिसते. या तासात नकाशावरचं विमान एकदाही अडकलं नाही, एटीसी एकदाही गप्प झाली नाही आणि टास्क मॅनेजरमध्ये डेस्कटॉपची रॅम काठाला टेकली नाही, तर जोडणी पक्की समजा. मध्ये कुठे अडकलं तर ती वेळ लिहून ठेवा, आणि मला पुढच्या वेळी तीन गोष्टी कळवा: दोन्ही यंत्रांचे पत्ते, टेस्ट-नेटकनेक्शनने दोन्ही पोर्टांना दिलेलं उत्तर, आणि राउटर घरात एक आहे की दोन.